वस्तादाची जोड आणि दाखल्यावरचं वय

जत्रेच्या मैदानात मोठ्या कुस्त्यांआधी पोरांच्या रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या कुस्त्या लागतात. खानापूर असो की निपाणी, रीत तीच. वस्ताद पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, मनगट दाबून बघतात, मान बघतात, मगच बरोबरीची जोड लावतात. जन्मतारीख कुणी विचारत नाही.

हीच पोरं पुढे शालेय स्पर्धेला जातात. तिथं दाखला बघतात. चौदा वर्षांखालच्या कबड्डीत एकीकडे मिसरूड फुटलेला गडी, समोर अजून आवाजही न फुटलेलं पोर. बघणारे लगेच म्हणतात, दाखला खोटा. बऱ्याचदा दोन्ही दाखले खरे असतात.

उंचीची झपाट्याची वाढ मुलींमध्ये साधारण १२व्या आणि मुलांमध्ये १४व्या वर्षी टोकाला पोचते, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. त्यामुळे तेराच्या दोन मुलांपैकी एकाची हाडं अकराची आणि दुसऱ्याची पंधराची असू शकतात. डॉक्टर हे हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून ठरवतात. वस्तादही मनगटच दाबतात, ही गंमत मला फार आवडते.

त्यात जन्ममहिन्याची भर. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवलं, की वरच्या पातळीवरच्या आईस हॉकी संघांत जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू वर्षअखेरीस जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जाई, म्हणून ते गटात सर्वांत थोरले. थोराड म्हणून निवड, निवड म्हणून जास्त सराव, सराव म्हणून पुन्हा निवड. (आमच्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म मास्तरांनी १ जूनला लावलेला. तिथं बार्न्सलींनीही हात टेकले असते.)

इंग्लंडच्या फुटबॉल अकादमींनी यावर शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. म्हणजे जोडच लावली. त्यासाठी एक्स-रेच लागतो असं नाही. उभी उंची, बसून उंची, वजन आणि वय यांवरून वाढीच्या टोकाचा अंदाज काढण्याचं सूत्र २००२ पासून उपलब्ध आहे. ते काटेकोर नाही. तरी टेप, वजनकाटा आणि एक स्टूल एवढ्यावर पीटी सर दर तीन महिन्यांनी नोंद ठेवू शकतात. एखाद्याची उंची भराभर वाढताना दिसली, की उड्या आणि बैठका कमी करायच्या. त्या काळात मांडीच्या स्नायूंचा ताण गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडावर येतो. पोरगं ‘गुडघा दुखतो’ म्हणतं आणि घरी त्याला कामचुकार ठरवतात.

पण मोजमाप येणं वेगळं आणि पोरं टिकवणं वेगळं. अमेरिकेत १०-१२ वर्षांच्या मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना हंगामाआधी जेमतेम अडीच तासांचं शिक्षण दिलं गेलं: चुकल्यावर आधी धीर द्या, मग नीट कसं करायचं ते सांगा, शिक्षा नको, धडपडीचं कौतुक करा. १९९२ साली निकाल आला. पुढच्या हंगामात हे शिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली, मिळालेल्यांकडची फक्त ५ टक्के. हारजीत दोन्हीकडे जवळपास सारखीच. छडीशिवाय पोरं घडत नाहीत म्हणणाऱ्यांनी ही हारजीतीची ओळ दोनदा वाचावी.

मुलींचं गणित उलटं. बाराव्या वर्षी त्या बरोबरीच्या मुलांहून अनेकदा उंच असतात, आणि नेमक्या त्याच वयात त्यांचं मैदान सुटतं. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८च्या आशियाई स्पर्धेत ५२ किलो गटात कुराशचं कांस्यपदक घेऊन आली. कुराश ही ज्युदोची मध्य आशियाई बहीण. तिथंही जोड वजनावरच.

ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला काय खेळवायचं, असं विचारतात. खो-खो घ्या. पाटीवर बसलेल्याला पाठीवर थाप मारून तोंडाने ‘खो’ म्हणायचं, हा मूळ नियमच आहे. थाप त्याला कळतेच. त्याच्या संघाने ती जरा जोरात मारायची, इतकंच.