तुमच्या गावात कूलर चालतो का? उन्हाळ्याचे कपडे त्यावरून ठरवा

नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्कूटीवरून जाणारी मुलगी बघा, डोळे सोडले तर तिचं काहीच दिसत नाही. ओढणी डोक्याला, तोंडाला, गळ्याला गुंडाळलेली, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे आणि अंगात पांढरा सनकोट. आणि त्याच दुपारी दादर स्टेशनवर लोकलची वाट बघणारी मुलगी बिनबाह्यांच्या कुर्त्यात आणि सैल पलाझोत. मी मूळची नागपूरची आणि आता राहते डोंबिवलीत, त्यामुळे दोन्हीकडचे सल्ले ऐकलेत, नागपूरची आत्या म्हणते अंग झाकून बाहेर पड आणि इकडच्या शेजारच्या काकू म्हणतात एवढं काय गुंडाळलंयस गं, गुदमरशील. दोघींचंही बरोबर आहे. का बरोबर आहे ते एकदा नीट कळलं ना, की कपाटासमोर उभं राहून आज काय घालू हा प्रश्न बराच सोपा होतो.

सुती घाला, पांढरं घाला, सैल घाला हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. चुकीचं नाही त्यात काही, पण ते अर्धंच आहे.

आधी शरीराचं बघू. आपण नुसते बसलेलो असलो तरी अंगात साधारण १०० वॉट इतकी उष्णता तयार होत असते आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. उन्हाळ्यात त्वचेचं तापमान असतं ३४-३५ अंशांच्या आसपास. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर वारा लागला की बरं वाटतं, कारण उष्णता अंगातून हवेत जाते. पण हवा ४३ अंशांवर गेली की गणित उलटं फिरतं, आता तोच वारा अंगाला तापवतो, विदर्भातल्या झळा म्हणतात त्या ह्याच. मग उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे प्रचंड. मात्र "उडाला तर" हे महत्त्वाचं. जो घाम कपाळावरून टपकतो, पाठीवरून ओघळतो, तो जवळजवळ काहीच गारवा देत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ मात्र जातं.

आता घाम किती पटकन उडेल हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. नागपूरच्या दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा, मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के धरा, आणि ओल्या त्वचेवरचा बाष्पदाब (म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब) आणि हवेतला बाष्पदाब यांच्यातला फरक काढा. हा फरक जितका मोठा तितका घाम पटकन उडतो, आणि तो नागपुरात मुंबईच्या जवळपास दुप्पट येतो. म्हणजे दहा अंशांनी जास्त तापलेल्या हवेत घाम मात्र कितीतरी सहज उडतो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरात खोली गार करतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट वाढवतो, त्याचंही कारण हेच. आपलं शरीरही कूलरच आहे, पाणी उडवून गार होणारा. म्हणून मी सगळ्यांना हेच विचारते, तुमच्याकडे कूलर चालतो का? चालत असेल तर झाका. चालत नसेल तर उघडं आणि मोकळं ठेवा.

कोरड्या गावात, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव, मराठवाड्याचा बराच भाग, इथे कपड्याचं पहिलं काम बाहेरून येणारी उष्णता अडवणं. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर जवळपास हजार वॉट येऊन पडत असतात, वरून हवा त्वचेपेक्षा गरम, खालून डांबरी रस्ता तापलेला. उघडा हात म्हणजे या सगळ्याला आमंत्रण. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट किंवा कुर्ता, खाली सैल पायजमा किंवा पँट, डोक्याला कॉटनचा दुपट्टा. घाम तर उडणारच आहे, हवा कोरडी आहे, त्यामुळे एक थर जास्त झाला तरी फारसं बिघडत नाही. दुपट्टा ओला करून बांधला तर अजून छान, तो डोक्यावरचा छोटा कूलरच होतो, फक्त वाळला की परत ओला करायचा. हेच मुंबईत केलं तर डोक्यावर ओलं फडकं राहील आणि बाकी काही होणार नाही.

रंगाचं जरा सविस्तर सांगते कारण यात लोक फार ठाम असतात. काळा तापतो, पांढरा तापत नाही, बरोबर. पण वाळवंटातले बेदुईन लोक काळे पायघोळ झगे घालतात, ते का? इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात संशोधकांनी हे मोजलं आणि १९८० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. काळा झगा उष्णता जास्त शोषतो हे दिसलंच, पण ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचायच्या आधीच हवेत निघून जात होती, आणि माणसाच्या अंगात शेवटी जाणारी उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच निघाली. कारण झगा सैल होता, आतून हवा खेळत होती. यातून काळं घाला असा अर्थ काढू नका, अर्थ एवढाच की सैलपणा हा रंगापेक्षा मोठा मुद्दा आहे. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट ही सगळ्यात वाईट जोडी, कारण तिथे शोषलेली उष्णता थेट त्वचेत जाते.

दुसरी गोष्ट अशी की पांढऱ्यातही एक खोट आहे. पातळ विरळ विणीच्या पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात, आणि कापड घामाने ओलं झालं की अजून जास्त येतात. गडद रंग आणि घट्ट वीण हे किरण चांगले अडवतात. मग करायचं काय? माझं मत विचाराल तर मधले रंग, आकाशी, पिस्ता, फिकट राखाडी, हलका गुलाबी, आणि कापड असं की खिडकीसमोर धरलं तर पलीकडचा उजेड कळेल पण धाग्यांमधली भोकं वेगवेगळी दिसणार नाहीत. फार वेळ उन्हात असणाऱ्यांनी, म्हणजे शेतात, बांधकामावर, डिलिव्हरीवर, अगदी झिरझिरीत कापड टाळावंच.

आता दमट बाजू. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा. इथे हवा त्वचेपेक्षा थोडी थंड किंवा फार तर तेवढीच असते, त्यामुळे वारा लागला की फायदाच आहे, प्रश्न फक्त घाम उडण्याचा. त्यामुळे सावलीत आणि घरात जितकी त्वचा वाऱ्याला लागेल तितकं बरं, आणि जे झाकलंय तिथे कापड आणि अंग यांच्यात फट हवी. चालताना सैल कपडा हलतो आणि आतली दमट हवा गळ्यातून, बाह्यांतून, खालून बाहेर फेकली जाते. कुर्त्याला बाजूचे कट असतात ना, ते नुसते दिसायला नाहीत, तिथून हवा खेळते. लेगिंग्ज सुती असल्या तरी पायाला चिकटलेल्या, म्हणजे फट शून्य. जीन्सचं तर विचारूच नका, जाड डेनिम दर चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅमचं असतं आणि मलमल साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास, एकदा जीन्स घामाने भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही.

आणि इथेच सुतीबद्दलचा आंधळा विश्वास थोडा तपासायला हवा. कॉटन हवेतूनच आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून कॉटन घाम पितं आणि मऊ वाटतं, पण पिऊन बसतं, लवकर सोडत नाही. जाड कॉटनचा टी-शर्ट, आत बनियन, आणि विरारची गर्दीची लोकल, उतरताना पाठीला ओलं पोतं बांधल्यासारखं होणारच. उपाय कॉटन सोडणं हा नाही, पातळ कॉटन घेणं हा आहे. मलमल, व्हॉइल, पातळ खादी, लिनन. लिनन महाग आहे आणि चुरगळतं, पण त्याचं कापड थोडं ताठ असतं, अंगाला चिकटत नाही आणि वाळतंही लवकर, परवडत असेल तर एक तरी शर्ट घ्याच. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं, ओलावा कॉटनपेक्षा जास्त पितं, मऊ आहे, स्वस्त आहे, पण ओलं झालं की अंगाला लगटतं, त्यामुळे रेयॉनचा कुर्ता घ्यायचाच तर एक साइझ मोठा.

पळायला, जिमला खेळाचे पॉलिस्टरचे कपडे चांगलेच, ते घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरवतात आणि पटकन वाळतात. पण दिवसभर घालायला नको. २०१४ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले तेव्हा पॉलिस्टरचे कॉटनपेक्षा जास्त वास मारत होते, कारण मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिस्टरवर जास्त वाढलेले होते.

बाजारात "प्युअर कॉटन मॅडम" म्हणून काहीही देतात, तर दोन सोप्या चाचण्या. दुकानात कापड तोंडाजवळ धरून पलीकडे तळहात ठेवायचा आणि फुंकर मारायची, हाताला लागली तर वीण मोकळी आहे. घरी आणल्यावर आतल्या शिवणीच्या कडेला कापडाचा सुटलेला धागा असतो तो ओढून चिमट्यात धरून सिंकवर जाळायचा. कॉटन कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, आणि राख बोटांत चुरली की मऊ. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. फक्त धागा कापडाचाच घ्या, शिलाईचा नको, कारण शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरच असतो आणि चांगलं कापडसुद्धा उगीच नापास होईल. मणीही आला आणि राखही आली तर मिक्स आहे, टेरिकॉट वगैरे.

पुण्याचं थोडं मधलं आहे. एप्रिलमध्ये कोरडं, तेव्हा नागपूरचे नियम लावा, मेच्या शेवटी ढग यायला लागले की मुंबईचे. आणि ज्यांची ऑफिसं एसी आहेत त्यांचा दिवसच दोन हवामानांत जातो, बाहेर ३८ आणि आत २२. त्यांना मी एकच सांगते, अंगात पातळ आणि बॅगेत एक कॉटनचं स्टोल किंवा उघडा शर्ट, जाड कपडे घालून बाहेर शिजत जाऊ नका. साडी नेसणाऱ्यांचं याबाबतीत सोपं आहे, पदर खांद्यावर घेतला की ऊब, पिनअप केला की मोकळं, अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठात तर साड्या पुतळ्याला वेगवेगळ्या पद्धतींनी नेसवून हे मोजलंय आणि त्याच साडीची ऊब नेसण्यावरून बरीच बदलते असं निघालंय. जपानने २००५ साली 'कूल बिझ' सुरू केलं, सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात टाय आणि कोट काढा आणि एसी २८ अंशांवर ठेवा. आपल्याकडे २२ अंश करून लोक स्वेटर घालतात, हे मला खरंच पटत नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो शाळेच्या गणवेशांवरून. ज्या मुलांना दुपारी घरी जायचंय त्यांच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट, त्यावर टाय, पायात नायलॉनचे मोजे आणि बंद बूट. मुलांचं अंग लहान असतं, वजनाच्या मानाने त्वचा जास्त, त्यामुळे बाहेरची हवा त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर तापवते. मार्च ते जून टाय बंद, शर्ट सुती आणि एक साइझ सैल, पायात सुती मोजे किंवा सँडल, आणि कोरड्या गावात डोक्याला कॉटनची टोपी सक्तीची, एवढा ठराव करायला पालक सभेत पंधरा मिनिटं पुरतात. यंदाच्या सभेत हा विषय काढा, शक्यतो फेब्रुवारीतच, कारण एकदा गणवेशाचं कापड दुकानदाराकडे ठरलं की मग वर्षभर कुणी बदलत नाही.