पाताळपाणीच्या उताराला विसरलेली खबरदारी

पावसाच्या दोन सरी पडल्या की इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत रविवारचे बेत सुरू होतात. पाताळपाणीचा धबधबा, नाही तर तिंछा, नाही तर चोरल. डब्यात पोहे, शेव वेगळी बांधलेली. दोरी, बॅटरी, शिट्टी यांतले काही कुणाच्या पिशवीत नसते, कारण आपण रानात चाललोय असे कुणाला वाटतच नाही. घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर कसले आले रान!

पण माळव्याचे पठार तिथेच संपते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, तर नर्मदाकाठचे महेश्वर दीडशेच्या आसपास. मधला सारा उतार विंध्याच्या कड्यांचा. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी नेली तेव्हा होळकरांचा राबता याच उतारावरून चाले. घाटाच्या माथ्यावरचा जाम दरवाजा १७९१ सालचा. आज तिथे धुक्यात फोटो काढतात आणि मक्याचे कणीस खातात. त्या काळी दरवाजा ओलांडला की पुढची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवून घ्यावे लागे.

ती जबाबदारी भिल्लांची होती. त्यांच्याशी आधी समजुतीने आणि मग सक्तीने वागून पाहिल्यावर अहिल्याबाईंनी तडजोडीचा मार्ग काढला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांनी ठरलेला कर घ्यायचा, बदल्यात वाट सुरक्षित ठेवायची आणि चोरी झाली तर माल शोधून द्यायचा. या कराला भिलकवडी म्हणत. माळव्याचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने हे नोंदवून ठेवले आहे. मला ही निव्वळ राजकारणाची गोष्ट वाटत नाही. रान ज्याला कळते त्याला मोबदला द्यावा आणि त्याच्या भरवशावर घाट उतरावा, असा तो रोखठोक व्यवहार होता.

हा व्यवहार मागे पडायला आगगाडीचा मोठा हातभार लागला. १८७० मध्ये इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर, एक कोटी रुपये दिले आणि खंडव्याहून घाट चढत रूळ इंदूरला आले. पाताळपाणी ते काळाकुंड हा टप्पा चाळीस फुटांमागे एक फूट चढाचा. आता रान खिडकीतून बघण्याची चीज झाली. काळाकुंडला उतरून कलाकंद घ्यायचा, बस. रेल्वेने मात्र स्वतःपुरती खबरदारी सोडली नाही. उतार सुरू होण्याआधी मीटरगेजच्या गाड्या पाताळपाणीला थांबत आणि ब्रेक तपासले जात. गावकरी म्हणत, गाडी टंट्यामामाला नमस्कार करायला थांबते. हा टंट्यामामा म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड करून ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी गेलेला टंट्या भिल्ल; त्याचे स्थान इथेच, रुळांजवळ आहे.

प्रवाशांना मात्र असा थांबा उरला नाही. १७ जुलै २०११ ला पाताळपाणीच्या प्रवाहात खडकावर उभे असलेले पाच जण लोंढ्यात अडकले आणि सुमारे तीनशे फुटी धबधब्यावरून खाली गेले. तिघे दगावले. ती चित्रफीत देशभर दाखवली गेली. पाणी एवढ्यात कुठून आले, हेच तेव्हा जो तो विचारत होता.

पाणी वरून आले. पाताळपाणीचा धबधबा चोरल नदीवर आहे, आणि तिच्यात येणारा पाऊस डोक्यावर पडावा लागतच नाही; तो मागे पठारावर पडतो. वरची काळी माती पाणी पिऊन फुगली की तिच्या भेगा मिटतात, खाली बेसाल्टचा खडक, मग पाणी मुरायचे कुठे? सगळे ओढ्यांतून धावत कड्याकडे येते. इकडे आकाश निवळलेले असू शकते. खूण आधी मिळते, पण बारीक: स्वच्छ धार गढूळते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जाड होतो. या खुणा दिसताच पात्रातून बाहेर पडून काठाने उंच चढायचे असते. प्रवाहाच्या दिशेने पळायचे नसते आणि चपलांसाठी मागे फिरायचे तर मुळीच नसते. वेगाचे पाणी गुडघाभर असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलते.

२०११ नंतर कठडे आले, मनाईचे फलक आले. डिसेंबर २०१८ पासून याच टप्प्यावर हेरिटेज रेल्वेही धावू लागली. कठडा तुम्हाला अडवतो, पण वरच्या गावांत आज किती पाऊस झाला ते सांगत नाही. ते तिथल्या भुट्टेवाल्याला बहुधा ठाऊक असते. भुट्टा घेताना एवढे विचारून घ्यावे आणि परतायची वेळ घरी कळवून ठेवावी. दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही. मदतीसाठी ११२ लावायचा झाला तर आधी वर चढून यावे लागेल.