शिशाच्या शिरेत दडलेली चांदी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या बाजूला विहीर खणताना किंवा खडीसाठी सुरुंग लावल्यावर चमकणारा दगड हाती लागला, की चांदी सापडल्याची बातमी गावभर होते. बहुतेक वेळा तो अभ्रक निघतो, नाहीतर माक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे खनिज. दोन्ही घरच्या घरी ओळखता येतात. अभ्रकाचे नखाने पापुद्रे सुटतात. माक्षिक पितळी रंगाचे असते आणि इतके कठीण, की साध्या चाकूने त्यावर ओरखडा पडत नाही. फरशीच्या खडबडीत पाठीवर घासले की हिरवट काळी रेघ उमटते.

चांदीशी ज्याचे खरे नाते आहे ते खनिज वेगळेच, गॅलिना. शिसे आणि गंधक यांचे हे संयुग. रंग राखाडी, रेघही राखाडी, आणि तांब्याच्या तुकड्याने ओरखडा पडेल इतके ते मऊ. हातोडीचा हलका टोला बसला की त्याचे चौकोनी ठोकळे सुटतात. पण सगळ्यांत पक्की खूण म्हणजे वजन. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी दगडाचे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा दाखवेल त्या आकड्याने दगडाच्या वजनाला भागा. ३०० ग्रॅमच्या दगडाने ४० ग्रॅम दाखवले तर उत्तर साडेसात येते, आणि गॅलिनाची घनता तेवढीच असते. आपला काळा कातळ तीनच्या आसपास राहतो, गारगोटी २.६५ ला. दगडात गारगोटी मिसळलेली असेल तर उत्तर साडेसाताच्या खाली येईल, पण चार-पाचच्या वर गेलेला दगड पुढच्या तपासणीला पाठवण्यासारखा नक्की असतो.

मात्र गॅलिना सापडली म्हणजे चांदी सापडली, असे नाही. शुद्ध गॅलिनात ८६.६ टक्के शिसे असते. चांदी असली तर टनामागे काही ग्रॅमपासून काही किलोपर्यंत कितीही, आणि कधी नगण्यही. ती गॅलिनाच्या स्फटिकात अँटिमनी किंवा बिस्मथबरोबर शिरून बसते, नाहीतर तांबे-अँटिमनीच्या दुसऱ्या खनिजाचे बारीक कण होऊन अडकून राहते. डोळ्याला दोन्ही दिसत नाहीत. जास्त चमक म्हणजे जास्त चांदी, हा समज तेवढा सोडून द्यावा.

गॅलिनाची शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत साचलेला खनिजाचा पट्टा, तयार कशी होते? जमिनीत खोलवर साधारण १०० ते ३०० अंशांचे खारट पाणी भेगांतून फिरते आणि वाटेतल्या खडकांतले शिसे, जस्त, चांदी विरघळवून घेते. ते थंड झाले, उकळले, वरच्या गोड्या पाण्यात मिसळले किंवा चुनखडीला भिडले, की धातू गंधकाबरोबर भेगेच्या भिंतींवर बसू लागतात. सोबत गारगोटी, कॅल्साइट, बराइट बसतात. भेग पुन्हा पुन्हा उघडते, म्हणून शिरेत पट्ट्या दिसतात. निपाणी-चिक्कोडीकडच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत गारगोटी आणि झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, पण शिसे शोधायची ती जागा नव्हे. शीर शोधायची तर खानापूरकडचे जुने सुभाजा (शिस्ट) आणि पट्टिताश्म (नाइस), किंवा गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो त्याच्याच कुळातले पूर्वेकडचे चुनखडीसारखे डोलोमाइट, अशा खडकांचे नकाशे आधी उघडावे लागतात.

आपल्या भागातल्या माणसाची सर्वांत मोठी फसगत जांभा करतो. गंधकाची खनिजे असलेली शीर उघडी पडली, की पाऊस आणि हवा तिच्या डोक्यावरचे गंधक धुऊन नेतात आणि मागे लोखंडाच्या गंजाची लालतपकिरी टोपी उरते. भूवैज्ञानिक तिला लोहटोपी म्हणतात. जुन्या खाणकऱ्यांनी शिरा शोधल्या त्या बहुतेक याच टोपीवरून. आता बेळगाव-खानापूरच्या माळावर लाल, छिद्राळ दगडाला काय तोटा? मग फरक कसा करायचा? पहिले बघा पसरण. जांभा पठाराच्या माथ्यावर थरासारखा आडवा पसरतो. त्याच्या चिऱ्याने इथे घरे बांधली आणि ॲल्युमिनियमचे बॉक्साइटही याच कुळातले. लोहटोपी मात्र शिरेच्या दिशेने लांबट, काही मीटर रुंद पट्ट्यात धावते आणि बाजूच्या खडकाचे थर कापून जाते. दुसरे बघा छिद्रे. ताजा तुकडा फोडून भिंगाखाली धरला, तर जांभ्याची छिद्रे वेडीवाकडी, नळ्यांसारखी दिसतात. लोहटोपीत पातळ भिंतींची चौकटी जाळी दिसते, कारण विरघळून गेलेल्या चौकोनी स्फटिकांचे साचे तिथे उरलेले असतात. जाळीत पांढरट, अनपेक्षित जड पूड असेल तर ती शिशाचे कार्बोनेट असण्याची शक्यता मोठी. तिसरे, प्रयोगशाळेचा अहवाल. काळ्या कातळापासून झालेल्या जांभ्यात टायटॅनियम भरपूर दिसते. लोहटोपीत शिसे, जस्त, आर्सेनिक, अँटिमनी वर येतात.

या टोपीच्या खाली, भूजलाच्या पातळीजवळ, चांदी कधी कधी साठून येते. वरून झिरपलेल्या पाण्याने आणलेली चांदी तिथे पुन्हा बसते, मूळ शिरेपेक्षा कितीतरी पट जास्त. जुन्या खाणींचे वैभव बरेचदा या एका पट्ट्याचे असते. पट्टा संपला, खाली साधी गॅलिना लागली आणि त्याच वेळी पाणीही भरू लागले, की खाण बंद पडायची.

भारतातली जुनी शिसे-चांदी पाहायला राजस्थानात जावे लागते. राजसमंद जिल्ह्यातल्या राजपुरा-दरिबाची लोहटोपी लांबून दिसते. दरिबा आणि भिलवाडा जिल्ह्यातले रामपुरा-अगुचा येथे जुन्या खोदकामात सापडलेल्या लाकडांचे वय इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात जाते. लोखंडी अवजारांना दाद न देणाऱ्या खडकावर लाकडाचा जाळ करून तो तडकवत, म्हणून अशा बोगद्यांच्या भिंती गोलसर, गुळगुळीत आणि काजळलेल्या असतात. उदयपूरच्या दक्षिणेला असलेल्या जावरचे नाव पुढे झाले ते जस्तामुळे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याची वाफ हवेत लगेच जळून जाते. म्हणून तिथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावत आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवत. एका भट्टीत अशा ३६ मुशी. वापरलेल्या मुशींचे ढीग तिथे अजून आहेत आणि त्याच मुशी रचून बांधलेल्या भिंतीही. १८१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास हे काम थांबले. विसाव्या शतकात खाणी पुन्हा उघडल्या, १९६६ मध्ये हिंदुस्थान झिंक कंपनी झाली, आणि आज देशातल्या खाणींची जवळजवळ सगळी चांदी राजस्थानच्या याच शिसे-जस्त पट्ट्यातून येते.

जुन्या खाणीचा अहवाल वाचताना 'टनाला ३०० ग्रॅम चांदी' असा आकडा दिसला, तर नमुना कसा घेतला हे आधी विचारावे. नियम असा, की शिरेला आडवी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, सारख्या रुंदीची आणि खोलीची चर छिन्नीने पाडायची. १० सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर खोल चालते. अशी चर दर दोन मीटरवर. खाली ताडपत्री अंथरून पडलेले सगळे गोळा करायचे. इथेच घोळ होतो. गॅलिना मऊ आणि ठिसूळ, गारगोटी कठीण. हात आपोआप मऊ भागावर चालतो, गॅलिना जास्त झडते आणि आकडा फुगतो. दुसरी चूक रुंदीची. शीर ४० सेंटिमीटर रुंद आहे, पण माणूस आणि यंत्र आत शिरायचे तर निदान १.२ मीटर खोदावेच लागते. बाजूचा रिकामा दगड मिसळून ३०० चे १०० ग्रॅम होतात. शीर सगळीकडे सारखी श्रीमंतही नसते. चांगला माल तिरक्या खांबांसारख्या पट्ट्यांत उतरतो, दोन खांबांमध्ये नुसती गारगोटी. एका श्रीमंत खांबावरून सगळ्या शिरेचा हिशेब मांडल्यामुळे कितीतरी कंपन्या बुडाल्या.

चांदी मोजायची खात्रीची पद्धत आजही आगीची आहे, आणि गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यातल्या माणसाला ती लगेच समजेल. पीठ केलेल्या धातुकाचे (धातू असलेल्या दगडाचे) २० ते ३० ग्रॅम, त्याच्या दोन-तीन पट मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड), सोडा, थोडा टाकणखार आणि दोन-तीन ग्रॅम गव्हाचे पीठ मुशीत मिसळतात. पिठातला कार्बन मुरदाडशिंगाचे शिसे करतो. त्या शिशाचे थेंब खाली उतरताना वाटेतली चांदी आणि सोने टिपून घेतात. गंधक जास्त असेल तर मुशीत लोखंडी खिळे टाकतात, ते गंधक धरून ठेवतात. सुमारे १,०५० अंशांवर तासभर ठेवून रस साच्यात ओततात. थंड झाल्यावर वरची काचेसारखी मळी हातोडीने झाडली, की तळाशी शिशाची गोळी मिळते. ती हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून हवेच्या भट्टीत तापवतात. शिसे जळून मुरदाडशिंग होते, वाटी ते शोषून घेते, चांदीचा मणी वर राहतो. वाटी जवळजवळ आपल्या वजनाइतके शिसे पिते, म्हणून गोळीपेक्षा हलकी वाटी घ्यायची नाही.

नजर ठेवायची ती उष्णतेवर. वाटीच्या आतल्या कडेला मुरदाडशिंगाचे पिसांसारखे बारीक स्फटिक जमू लागले, तर तापमान बरोबर आहे. ते दिसलेच नाहीत तर भट्टी फार तापली आणि चांदी वाफेने व वाटीत मुरून गेली. गोळी मध्येच काळवंडून थिजली तर भट्टी थंड पडली, नमुना वाया गेला. शेवटचे शिसे संपताना मण्यावर क्षणभर लख्ख झळाळी येते. तेव्हाच तो घाईने बाहेर काढला, तर वितळलेल्या चांदीत मुरलेला ऑक्सिजन एकदम सुटतो आणि मणी फुलकोबीसारखा फुटतो. चांदीचे कण उडून जातात. हळूहळू थंड करायचे. मग वजन घ्यायचे आणि पातळ नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून मागे उरलेले सोने वेगळे मोजायचे.

जुन्या खाणी बंद पडण्याची सगळी कारणे जमिनीतली नव्हती. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने टांकसाळींत लोकांची चांदी आणून रुपये पाडून घेण्याची सोय बंद केली. मुंबईच्या टांकसाळीची दारे बंद झाल्याची झळ थेट अमेरिकेतल्या कोलोरॅडोला बसली. चांदीचा भाव काही दिवसांत औंसाला ८३ सेंटांवरून ६२ सेंटांच्या आसपास उतरला आणि तिथल्या खाणी एकामागोमाग थांबल्या. शिरेत चांदी तेवढीच होती, ती काढायचा खर्च मात्र परवडेना.

संशयास्पद जड दगड मिळालाच, तर तो घरी कुटू नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. नायजेरियातल्या झम्फारा भागात २०१० मध्ये शिसेयुक्त सोन्याचे धातुक घराच्या अंगणात दळल्याने शेकडो मुले दगावली. पडक्या बोगद्यातही शिरू नये. माक्षिक गंजताना हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते आणि तोंडाशी चांगली असलेली हवा पन्नास पावलांवर प्राणघातक असू शकते. मूठभर आकाराचे दोन-तीन तुकडे जाड पिशवीत भरावेत, गावाचे नाव, सर्व्हे नंबर, सापडल्याची खोली आणि आजूबाजूच्या खडकाचा एक तुकडा सोबत ठेवावा, आणि ते राज्याच्या खाण व भूविज्ञान खात्याकडे किंवा भूविज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयाकडे द्यावेत. शेजारचा तुकडा विसरू नये. शीर कोणत्या खडकात आहे हे त्यावरूनच कळते.