निळा आणि पिवळा मिळून हिरवा का होतो?

लाल, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग असून बाकीचे सगळे रंग त्यांच्यापासून तयार होतात, हे शाळेत पाठ झालेले वाक्य रंगपेटी हाती घेणारे बहुतेक जण खरे मानूनच चालतात. मग अल्ट्रामरीन निळ्यात गडद कॅडमियम पिवळा मिसळल्यावर कोवळ्या पानाचा हिरवा न येता शेवाळी, मळकट हिरवा येतो आणि त्याचा दोष स्वतःच्या हाताला दिला जातो. वास्तविक हात निर्दोष असतो. रंगचक्राकडून, म्हणजे रंग वर्तुळात मांडणाऱ्या तक्त्याकडून, आपण भलतीच अपेक्षा केलेली असते.

रंगद्रव्य प्रकाश निर्माण करत नाही, ते त्यातला काही भाग काढून घेते. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. पिवळे रंगद्रव्य त्यातला जांभळा-निळा भाग शोषून घेते आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा बाकीचा सगळा प्रकाश परत पाठवते. निळे रंगद्रव्य लाल, नारिंगी आणि पिवळा प्रकाश शोषते, पण निळ्याबरोबर शेजारचा थोडा हिरवाही सोडून देते. दोन्ही एकत्र कालवली की दोघांच्याही तावडीतून सुटलेला प्रकाशच डोळ्यापर्यंत पोहोचतो, आणि तो असतो हिरवा. हिरवा तयार होत नाही, तो उरतो.

किती उरेल, हे मात्र कोणता निळा आणि कोणता पिवळा यावर ठरते. अल्ट्रामरीनचे परावर्तन ५०० नॅनोमीटरच्या पुढे झपाट्याने घटते, तर गडद कॅडमियम पिवळ्याचे त्यानंतर कुठे चढू लागते. दोघांत सामाईक असे फारच थोडे असते. हिरवट झाक असलेला थॅलो निळा हिरव्या प्रकाशाला बऱ्यापैकी वाट देतो आणि लेमन यलो या फिकट पिवळ्याचे परावर्तन आधीच चढू लागते, म्हणून त्यांचा हिरवा झळाळतो. कॅडमियम लाल आणि अल्ट्रामरीन मिसळल्यावर अपेक्षित जांभळ्याऐवजी काळपट तपकिरीकडे झुकणारी छटा येते, तीही याच हिशेबाने.

हा हिशेब साध्या सरासरीचा नाही, हीच त्यातली खरी गंमत. कुबेल्का आणि मुंक या शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये दाखवले की जाड थराचे परावर्तन हे शोषण आणि विखुरणे यांच्या गुणोत्तरावर ठरते. परावर्तन 'प' असेल, तर हे गुणोत्तर (१ − प)² भागिले २प इतके असते, आणि मिश्रणात सरासरी घ्यायची ती या गुणोत्तराची. ९० टक्के प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्याचे गुणोत्तर ०.००६ च्या आसपास येते, तर ४ टक्के परतवणाऱ्या काळ्याचे ११.५. दोघांची विखुरण्याची क्षमता सारखी धरून समान भाग मिसळले, तर सरासरी ५.७६ येते आणि उलटे गणित मांडल्यावर परावर्तन निघते जेमतेम ७ टक्के. साध्या सरासरीने ते ४७ टक्के असायला हवे होते. शोषणारा रंग नेहमी वरचढ ठरतो. म्हणूनच पांढऱ्यात गडद रंग घालावा. गडद रंगात पांढरा घालत बसल्यास ट्यूब संपते आणि छटा तिथल्या तिथे राहते.

मग रंगचक्र कशाचे? न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात वर्णपटाची लाल आणि जांभळी टोके जोडून वर्तुळ केले. निसर्गात ही टोके जुळलेली नाहीत. लाल आणि जांभळ्याच्या मधल्या मॅजेन्टाला स्वतःची अशी तरंगलांबीच नसते. ते वर्तुळ जुळते ते डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशींमुळे आणि मेंदूमुळे. प्रकाशकिरण मिसळणे आणि रंगद्रव्ये मिसळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ मध्ये स्पष्ट केले: योग्य छटांचा निळा आणि पिवळा प्रकाश एकत्र पडला, तर हिरवा नव्हे, पांढरा दिसतो. प्रत्येक रंगाची 'ऊर्जा' सांगून आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या रंगोपचारवाल्यांना हा फरक विचारून पाहावा.

छपाईत सायन (हिरवट निळा), मॅजेन्टा आणि पिवळा वापरतात, कारण यातला प्रत्येक जण वर्णपटाचा साधारण एकतृतीयांश भागच शोषतो. चित्रकारालाही त्यांनी लाल-पिवळ्या-निळ्यापेक्षा अधिक स्वच्छ छटा मिळतात, तरी सर्व छटा कोणत्याही तीन ट्यूबांतून येत नाहीत. ट्यूब घेताना नावापेक्षा मागचा रंगद्रव्याचा संकेत पाहावा: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. 'सॅप ग्रीन' या एकाच नावाखाली वेगवेगळे उत्पादक वेगवेगळी मिश्रणे विकतात, आणि पॅलेटवर ती तशीच वेगवेगळी वागतात.