जुनी स्पोर्ट्स कार ‘लो’ करताय? आरसी नूतनीकरण आणि व्हिंटेज नोंदणीचा अर्ज नेमका कुठे अडतो

नागपुरात जुन्या स्पोर्ट्स गाड्या जपणारे लोक थोडे आहेत, पण मनापासून जपणारे आहेत. कुणाकडे एमजीबी आहे, कुणाकडे ट्रायम्फ, कुणाकडे आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड. गाडी रंगून आली की पुढचा विचार ठरलेला असतो: ती थोडी खाली बसवायची. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं रिकामी जागा दिसली की मालकाला चैन पडत नाही, आणि नीट खाली बसवलेली गाडी दिसतेही रुबाबदार. अडचण नंतर येते. आरसीची मुदत संपते किंवा व्हिंटेज नोंदणीचा अर्ज टाकला जातो, आणि तपासणीच्या दिवशी गाडी तशीच परत येते. परत येण्याची कारणं पुन्हा पुन्हा तीच असतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो. जे सरळ आहे ते एका ओळीत आटोपतो.

आधी हे ठरवा: साधं नूतनीकरण की व्हिंटेज?

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क हलक्या मोटारीला ५,००० रुपये आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० वर नेले. हेराल्ड मद्रासला तयार झालेली, त्यामुळे ती पहिल्या गटात. एमजीबी इंग्लंडहून आलेली, ती दुसऱ्या. पर्यावरण कर वेगळा.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याची तरतूद झाली. अर्ज फॉर्म २० मध्ये, शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आयात गाडीच्या मालकाला हा हिशेब फार गोड वाटतो आणि तो घाईनं इकडे वळतो. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोज संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही. फॉर्म २५ भरा आणि शुल्क सोसा.

पन्नास वर्षं कधीपासून मोजायची

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. नियम म्हणतो, पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षांहून जास्त. गाडी कारखान्यातून कधी निघाली याच्याशी त्याचा संबंध नाही. १९७५ ची बनावट असलेली गाडी १९७७ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली असेल, तर ती २०२७ मध्ये पात्र होईल, त्याआधी नाही. लोक चेसिस प्लेटवरचं साल पाहून अर्ज करतात आणि मग वाद घालत बसतात. आरसी उघडा आणि ‘नोंदणी दिनांक’ वाचा. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली असेल तर नव्या नंबरची तारीखही तिथे दिसते. ती घ्यायची नाही, सर्वांत पहिली घ्यायची.

‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय, आणि लो केलेली गाडी त्यात बसते का

व्हिंटेजच्या व्याख्येत गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नको. स्प्रिंग आणि शॉकअप यांचा उल्लेख त्यात नावानिशी नाही. म्हणून मालक म्हणतात, मग स्प्रिंग बदलली तर बिघडलं काय? बिघडतं ते काम कसं केलं त्यावर.

बोल्ट खोलून छोटी स्प्रिंग बसवली, मागचा पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोअरिंग ब्लॉक टाकला, तर हे सगळं एका दिवसात उलटं करता येतं. चेसिसला कापलेलं काहीच नसतं. पण अॅक्सल वर यावा म्हणून चेसिसच्या दांड्याला खाच मारली, किंवा कॉइलओव्हरसाठी, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र संचासाठी, नवे ब्रॅकेट वेल्ड केले, की ती चेसिसमधली फेरफार झाली आणि व्हिंटेजचा अर्ज तिथेच संपला. रंग मारून वेल्डिंग झाकता येतं असं सांगणारे कारागीर आहेत. तपासणाऱ्याची टॉर्च चाकाच्या कमानीतून आत गेली की वेल्डचा कंगोरा रंगाखालूनही दिसतो. ग्राइंडरनं कापलेली स्प्रिंग तर त्याहून लवकर कळते: शेवटचा वेढा सपाट नसतो, टोकाला निळसर जळका डाग असतो, आणि जॅकवर गाडी उचलली की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल हलते. ही स्प्रिंग खड्ड्यात बैठकीतून निसटू शकते. स्वस्त पडते म्हणून हे कधीही करू नका, आरटीओची तपासणी नसली तरी करू नका.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला बदल, त्यात बाहेरचे सुटे भाग बसवणंही आलं, केल्यास प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. यावर मालकांचं ठरलेलं उत्तर असतं की आरसीवर गाडीची जमिनीपासूनची उंची लिहिलेलीच नसते. खरं आहे, नसते. आणि कलमातल्या स्पष्टीकरणातही ‘बदल’ म्हणजे मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार, असंच म्हटलं आहे. पण या वादावर अर्ज उभा करू नका. निरीक्षकासमोर उभं राहून कलमाचा अर्थ लावत बसण्यापेक्षा त्याच्या हातात एक कागद देणं शहाणपणाचं. तो कागद कोणता, ते पुढे.

जो कागद कुणाकडेच नसतो

उत्पादकानं मूळ उंची किती ठेवली होती, याचा पुरावा. निरीक्षकाला संशय आला तर तो हेच विचारतो, आणि मालक गप्प होतो.

एमजीबीचं उदाहरण घ्या. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या बंपरच्या उंचीच्या नियमांसाठी कंपनीनं तिला काळे रबरी बंपर लावले आणि गाडीच साधारण एक इंच वर उचलली. म्हणून रबरी बंपरची एमजीबी खाली बसवणारा माणूस अनेकदा तिला आधीच्या क्रोम बंपरवाल्या उंचीवरच आणत असतो. पण ‘आधीच्या एमजीबीसारखी’ आणि ‘तुमच्या गाडीची मूळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची गाडी रबरी बंपरची असेल तर तिची मूळ उंची ती वरचीच. उलट पोर्शे ९११ च्या जुन्या मॉडेलांत पुढच्या टॉर्शन बारला (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीला) उंची जुळवण्याचा स्क्रू कारखान्यातूनच असतो. तिथे भाग न बदलता, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत उंची कमी केली असेल, तर ते दाखवणं सोपं जातं.

दाखवायचं कशानं? त्या मॉडेलचं आणि त्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल घ्या. उंचीचं मोजमाप दिलेलं पान, मुखपृष्ठासह, फोटोकॉपी करून अर्जाला जोडा. एमजी आणि ट्रायम्फसाठी ब्रिटिश मोटर म्युझियममधल्या हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्रही मागवता येतं. त्यावर गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर असा तपशील येतो. उंची त्यात येत नाही, पण गाडी मूळ इंजिनासह आहे हे सिद्ध करायला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही. परदेशातून येतो, म्हणून वेळ हाताशी ठेवून मागवा.

आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. ही विनंती मी प्रत्येकाला करतो. तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. मूळ स्प्रिंग परत बसवून गाडी तपासणीला नेणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे, आणि त्या विकून टाकलेल्यांना मग इंग्लंडहून मागवाव्या लागतात.

बाकी कागद, आणि त्यातले सापळे

विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि एचएसआरपी नंबरप्लेट या गोष्टी नेहमीच्याच. अडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, गाडी आजोबांच्या नावावर. मालकाच्या निधनानंतर वारसानं ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ नं नाव बदलून घ्यायचं असतं. बहुतेक घरांत यातलं काहीच झालेलं नसतं. आधी ते करा. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीचं नूतनीकरण तुम्ही करू शकत नाही, आणि भावंडांची संमती मिळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा कुठल्याच सरकारी कामाला लागत नाही.

दुसरं, जुनी आरसी पुस्तिका. तिच्यातली शाई उडालेली असते, चेसिस नंबरातला ८ की ३ ते कळत नाही, आणि गाडीची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. अशा वेळी ऑनलाइन अर्जात नंबर टाकला की ‘नोंद सापडली नाही’ एवढंच दिसतं, आणि माणूस महिनाभर तेच बटण दाबत बसतो. ज्या आरटीओत मूळ नोंदणी झाली, तिथे जाऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते. नागपुरात शहर म्हणजे एमएच-३१, ग्रामीण एमएच-४० आणि पूर्व एमएच-४९. तुम्ही आता कुठे राहता यावरून कार्यालय ठरवू नका. जुनं रजिस्टर जिथे आहे तिथे जा, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ट्रेस सोबत न्या. तिथे ‘इथलं काम नाही’ असं ऐकायला मिळतं. शांतपणे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साठीतल्या माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवताना तोंडी नकार देणं फार सोपं असतं, पोच दिलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

तिसरं, आयात गाडीचं बिल ऑफ एन्ट्री. व्हिंटेज अर्जात आयात वाहनासाठी ते मागितलं आहे. साठच्या दशकात आलेल्या गाडीचा हा कस्टमचा कागद सहसा घरात नसतोच. घरातल्या जुन्या फायली, आधीच्या मालकाची बँक, कर्जाचे कागद, सगळं चाळून पाहा. नाहीच सापडला तर आधीपासून भारतात नोंद असलेली आरसी आणि सगळ्या हस्तांतरणांची साखळी जोडून, बिल का नाही याचं प्रतिज्ञापत्र द्या आणि निर्णय लेखी मागा.

मुदतींचा घोळ

फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपण्याच्या आधी जास्तीत जास्त ६० दिवस करता येतो. लोक याचा अर्थ ‘संपल्यानंतर ६० दिवस सवलत’ असा लावतात. तशी सवलत नाही. उशीर झाला तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जास्त, आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. व्हिंटेजच्या नियमांतही ६० दिवस आहेत, पण ते प्राधिकरणासाठी: अर्ज आल्यापासून इतक्या दिवसांत फॉर्म २३अ मध्ये प्रमाणपत्र द्यायचं असतं. दोन्ही साठ एकमेकांत मिसळू नका.

नवी व्हिंटेज नोंदणी घेतल्यास नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो ठेवायचा असेल तर अर्जात स्पष्ट लिहा, नंतर बदलून मागू नका.

तपासणीला नेण्याआधी

गाडी खाली आणली की चाकांचा कोन बदलतो. हेराल्डच्या मागच्या स्विंग अॅक्सलमुळे तर चाकं वरच्या बाजूला आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं झिजतो. झिजलेला टायर दिसला की निरीक्षक खाली वाकून पाहतोच. अलाइनमेंट करून त्याची प्रिंट सोबत ठेवा. हेडलाइटचा झोतही तपासा: मागची बाजू जास्त खाली बसली तर झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शॉकअप नव्या उंचीला जुळणारे आहेत का ते पाहा, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही याची खात्री करा. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांच्या जोडांवर आणि वस्तीतल्या गतिरोधकांवर गाडीचं पोट घासतं, त्याचे ताजे ओरखडे सायलेन्सरवर असतील तर कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, त्याच वेळी हे नोंदवून घ्या. न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला सापडला तर दावा अडकतो, आणि दुसऱ्याला इजा झालेली असेल तर प्रकरण फार वाढतं.

अर्ज नाकारलाच तर तोंडी कारणावर घरी येऊ नका, आदेश लेखी घ्या. कलम ५७ नुसार तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. मॅन्युअलचं पान, अलाइनमेंटची प्रिंट आणि चेसिसच्या खालच्या बाजूचे फोटो त्या अपिलाला जोडा.