आखूड नळीला जलद पावडरच लागते?

अमेरिकेत एकच काडतूस बसणाऱ्या शिकारी पिस्तुलासाठी घरी काडतुसं भरायला लागलेल्या नवशिक्याला हमखास एक सल्ला मिळतो: नळी आखूड, म्हणून लवकर जळणारी पावडर (बंदुकीची दारू) घे, संथ पावडर अर्धी न जळताच बाहेर पडते. हे चुकीचं आहे, आणि .३०-३० सारख्या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीत (पावडर भरायच्या धातूच्या खोळीत) तर धोक्याचं.

पावडर बहुतांशी नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून जाते. तोंडाशी दिसणारा मोठा जाळ म्हणजे मुख्यतः तापलेल्या वायूंनी बाहेरच्या हवेत पुन्हा घेतलेला पेट. १९६७ साली आलेल्या थॉम्पसन/सेंटर कंटेंडर या अशाच एकाच काडतुसाच्या पिस्तुलाची नळी १० इंची असो वा १४, दाबाची मर्यादा तीच ठेवली तर लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी पावडर साधारणपणे इथेही पुढेच राहते. वेग घटतो, क्रम सहसा बदलत नाही.

जलद पावडर थोडीशीच लागते, पुंगळीच्या तळाशी बसते. चुकून दुप्पट पडली तरी पटकन लक्षात येत नाही, आणि दाब मात्र हाताबाहेर जातो. संथ पावडरीने पुंगळी जवळजवळ भरते. दुप्पट ओतली तर सांडतेच. म्हणून त्याच पिस्तुलासाठी छापलेला पावडरच्या मापांचा तक्ता घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून हळूहळू चढा, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरीच्या उजेडात डोकावून बघा.