जुना वाडा व शेती ग्रामजीवन संग्रहालयासाठी खुली करताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

वाडा, गोठा, विहीर आणि भोवतालची शेती एकत्र टिकून असलेली वडिलोपार्जित ठिकाणे पुणे जिल्ह्यात अजून आहेत. ती ग्रामजीवनाचे संग्रहालय म्हणून खुली करायची असल्यास मंजुरी देणारे एकच कार्यालय नाही. जमीन, इमारत, संस्था आणि वस्तू यांचे अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी जातात. काम अडते ते बहुधा जमिनीच्या कागदांवर, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

वाडा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरांच्या कर आकारणीची नोंद) चा उतारा आणि, ड्रोन मोजणी झाली असल्यास, भूमी अभिलेख कार्यालयाची मिळकत पत्रिका हा मुख्य आधार असतो. (या मोजणीचा राज्यातील प्रायोगिक प्रकल्प पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात झाला.) वाडा शेतात असेल तर सातबारा, 8अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढावेत. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) अशी नोंद असेल, आणि जुन्या वतनी जमिनींवर ती पुष्कळदा असते, तर हस्तांतर किंवा वापरबदलाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. आजोबांचेच नाव चालत आले असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्यावी. सहहिस्सेदारांची संमती लेखीच घ्यावी. मुंबईच्या चुलत्यांच्या तोंडी होकारावर छपराचा खर्च करू नये.

कुटुंबाला स्वतःच केंद्र चालवायचे असल्यास राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, शुल्क भरल्याचे चलन आणि जेवण देणार असल्यास अन्न परवाना जोडावा. ही नोंदणी पर्यटन केंद्राची आहे, संग्रहालयाची नव्हे. संस्था स्थापन करायची असल्यास 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सदस्य लागतात आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या संस्थेच्या नावे शेतजमीन सहज होत नाही. म्हणून शेती कुटुंबाकडेच ठेवून गावठाणातील वाडा तेवढा नोंदणीकृत भाडेकराराने संस्थेला देणे अधिक सोपे पडते.

इमारतीच्या दुरुस्तीसाठी व वापरबदलासाठी वास्तुविशारदाच्या नकाशांसह नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महानगर प्रदेशातील अनेक गावांसाठी ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम करता येणारे) क्षेत्र असल्याने कार्ला, भाजे किंवा शिवनेरीच्या निकट असलेल्यांनी हे अंतर आधी मोजून घ्यावे.

वस्तूंबाबत लोक निष्कारण घाबरतात आणि जिथे घाबरायला हवे तिथे गाफील राहतात. नांगर, पाभर, कुळव, मोट, जाते, कणगी किंवा गुऱ्हाळाची काहील यांना सरकारी नोंदणी लागत नाही. तरी प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन ती कोणाकडून आली, कशासाठी वापरत आणि पाभरीच्या चाड्याला (बियाणे सोडायच्या वाटीला) कोठे तडा आहे इथपर्यंत वहीत लिहावे व देणगीपत्र घ्यावे. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते आणि दिवे पाहिले की घरगुती वस्तूही संग्रहाचा विषय कशी होते, ते कळते. मात्र देव्हाऱ्यातील 100 वर्षांहून जुनी धातूची, दगडाची किंवा लाकडाची मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणीयोग्य असते. छायाचित्रांसह नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सचित्र पोथ्यांना 75 वर्षांची अट आहे. ओसरीतील सांबरशिंगांचे मालकी प्रमाणपत्र नसेल, तर ती दालनात मांडण्याआधी वन विभागाशी बोलावे.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदानासाठी संस्थेची नोंदणी किमान 3 वर्षे जुनी असावी लागते, त्यामुळे अनुदान हवे असेल तर धर्मादाय कार्यालयातील अर्ज दालनांच्या कामाआधीच दाखल करावा.